काळवंडलेला शालू

फार जुन्या काळी, नदीच्या वळणावरच्या एका गावात चिताऱ्यांचं एक घर होतं. त्या घरातले पुरुष चित्रं काढत आणि बायका रंग तयार करत. म्हातारा चितारी, त्याचे दोन मुलगे आणि दोन सुना, एवढीच माणसं. म्हाताऱ्याची बायको देवाघरी गेली होती, पण जाण्याआधी तिनं थोरल्या सुनेला हाताशी धरून आपल्याजवळचं सगळं शिकवलं होतं.

थोरलीचं नाव म्हाळसा. पंधरा वर्षं ती त्या घरात लाल रंग करत होती. काळा, हिरवा, निळा कुणीही घोटावा, लालाला हात लावायचा तो म्हाळसेनंच. कारण लाल रंग काही एक नसतो. गेरूचा लाल मातकट. शेंदराचा लाल भडक, नारिंगीकडं झुकलेला. हिंगुळाचा लाल भारदस्त, पण हिंगूळ आठ-आठ दिवस लिंबाच्या रसात खलावा लागतो, वर येणारं पिवळं पाणी रोज ओतून टाकावं लागतं, तेव्हा कुठं त्याचं तेज बाहेर पडतं. आणि लाखेचा लाल म्हणजे पातळ, जांभळट, काचेसारखा आरपार दिसणारा. शिवाय प्रत्येकात पाणी किती आणि बाभळीचा डिंक किती, हा हिशेब निराळा. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो. म्हाळसा हे सगळं दोन बोटांच्या चिमटीत ओळखायची. तिचे रंगांचे शिंपले खिडकीशी ओळीनं मांडलेले असत, आणि पंचक्रोशीत लोक म्हणत, “लाल बघावा तर चिताऱ्याच्या थोरलीचा.”

हे बोलणं म्हाळसेला फार गोड लागायचं. नदीवर कुणी ते बोललं, की ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि धुणं जरा हळू आपटायची, म्हणजे पुढचं नीट ऐकू यावं.

मग घरात धाकटी सून आली. तिचं नाव तुळजा. तिचं माहेर कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं. पोर हसरी, कामाला वाघ, आणि थोरल्या जावेला “अक्का, अक्का” करत मागं मागं फिरणारी. म्हाळसेनं तिला काजळ खलायला बसवलं. तुळजा वर्षभर हात काळे करून काजळच खलत राहिली आणि तिनं कधी कुरकुर केली नाही.

एकदा म्हाळसा भावाच्या लग्नाला आठ दिवस माहेरी गेली. परत आली तेव्हा म्हातारा चितारी पडवीत एक चित्र उन्हाकडं धरून बघत उभा होता. चित्रात गौर बसली होती आणि तिचा लाल पदर वाऱ्यावर उडत होता.

“सूनबाई, हे बघ,” म्हातारा म्हणाला. “पन्नास वर्षं पदर रंगवतोय मी. पण पदर हललेला आजच बघितला.”

म्हाळसेनं बघितलं. पदर खरंच हलत होता. लाल खालून उजळत होता, जसा निखारा राखेखालून उजळतो तसा.

“कुणी केला हा लाल?” तिनं विचारलं. उत्तर काय येणार हे तिला विचारतानाच कळलं होतं.

“धाकटीनं. तू नव्हतीस, काम अडलं होतं. हिंगूळ तुझाच घेतला तिनं, तो पूर्ण वाळू दिला आणि वरून लाखेचा अगदी पातळ हात फिरवला. मला कधी सुचलं नव्हतं.”

तुळजा दाराआडून लाजत पुढं आली. “अक्का, हिंगूळ तुमचा होता म्हणून जमलं,” ती म्हणाली.

म्हाळसा हसली. पण त्या दिवशी तिच्या काळजात जे कुसळ घुसलं, ते पुढं निघता निघेना.

आता तिला घरात दुसरं काही ऐकूच येईना. मामंजी दिवसातून कितीदा “थोरल्ये” म्हणतात आणि कितीदा “धाकटे” म्हणतात, ते ती मोजायला लागली. तुळजेनं आमटी केली आणि कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतली, तरी म्हाळसा आपलं ताट बाजूला सारायची. नदीवर बायका म्हणू लागल्या, “धाकटीचा हात बघितलास का गं? जादू आहे जादू.” म्हाळसा धुणं असं आपटायची, की शेजारणी पदर सावरून लांब सरकायच्या.

तिनं घराचं दार लावून स्वतः तो रंग करून बघितला. तुळजा पाण्याला गेली होती तेवढ्यात तिनं कागदावर हिंगुळाचा हात दिला आणि लगेच वरून लाख फिरवली. खालचा थर ओला होता. दोन्ही रंग एकमेकांत कालवले गेले आणि शेणकाल्यासारखा डाग पडला. तिनं तो कागद चुलीत घातला. ‘किती वेळ वाळू देतेस गं?’ एवढंच विचारलं असतं, तर तुळजेनं तिथल्या तिथं सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. ते म्हाळसेच्या जिवावर आलं. जीभ दाताखाली धरून ती गप्प राहिली, आणि आतल्या आत जळत राहिली.

अशात एक दिवस वाड्यावरून निरोप आला. तिथल्या राणीसाहेबांना एकुलती एक लेक. तिचं लग्न ठरलं होतं आणि तिचं सासर होतं सात डोंगरांपलीकडं. एकदा गेली की वर्ष-दोन वर्षं तोंड दिसणार नव्हतं. राणीसाहेबांनी सांगून पाठवलं होतं, ‘माझ्या लेकीचं नवरीच्या वेशातलं चित्र करून द्या. ती गेल्यावर मला रोज बघायला हवं. अंगावर तिचाच लग्नाचा शालू दिसला पाहिजे, दुसरा नको.’ सोबत शालूच्या कापडाचा एक तुकडाही होता.

म्हाताऱ्यानं तो तुकडा उन्हात धरला. उभा धागा पिवळा आणि आडवा लाल, असं ते धूपछाव कापड होतं. इकडून बघावं तर लाल, तिकडून बघावं तर सोन्यासारखं.

म्हाळसेनं हात पुढं केला. असल्या कामाचा लाल आपल्याकडंच येणार, यात तिला शंका नव्हती.

“हा लाल धाकटीनं करावा,” म्हातारा म्हणाला. “थोरल्ये, तू तिला लागेल ते दे.”

म्हाळसेनं पुढं केलेला हात मागं घेतला आणि पदराला पुसला. हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

तुळजेनं चार दिवस तो तुकडा घेऊन रंग जुळवले. गेरू लावून बघितला, मळकट दिसला. हिंगूळ फार गडद झाला. लाख जांभळी पडली. एकटा शेंदूर जवळ आला, पण त्यात ती सोन्याची झाक नव्हती. पाचव्या दिवशी दुपारी ती धावतच माजघरात आली. तिच्या हातातल्या शिंपल्यात ओला रंग होता आणि तो हुबेहूब शालूचा होता.

“अक्का, बघा ना! शेंदरात थोडा हरताळ घातला. तो पिवळा दगड हो, तुमच्या डब्यातला. झाक आली बघा. पण मी कधी हे दोन एकत्र केले नाहीत. टिकेल ना हो?”

म्हाळसेला सासूबाईंचा आवाज जसाच्या तसा आठवला. “पोरी, एक ध्यानात ठेव. शेंदूर आणि हरताळ एका शिंपल्यात कधी घालू नकोस. पहिले काही दिवस लग्नघरासारखे खुलतात. मग एकमेकांना खातात आणि काळेठिक्कर पडतात.” हे सासूबाईंनी तिलाच सांगितलं होतं. घरात रंग करणारी तेव्हा ती एकटीच होती.

तुळजा उभी होती, डोळे मोठे करून, उत्तराची वाट बघत. एक शब्द बोलायचा होता. ‘नको.’ एवढंच.

म्हाळसा तांदूळ निवडत होती. तिनं सुपातून मान वर केली नाही.

“टिकेल की,” ती म्हणाली. “न टिकायला काय झालं? तुझा हात आहे ना.”

तुळजा आनंदानं उडी मारत परत गेली. म्हाळसेनं तांदळातला खडा म्हणून एक चांगला दाणाच उचलून फेकून दिला.

चित्र तयार झालं, आणि असं झालं की बघणाऱ्याचे डोळे हटेनात. राजकन्या एक हात मांडीवर ठेवून बसली होती, ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं आणि अंगावरचा शालू चमचमत होता. म्हातारा पोरासारखा रडला. म्हाळसा मात्र घडीघडीला चित्राकडं डोकावायची. चित्र घरात असतानाच काळं पडलं तर? पण तसं काही झालं नाही. चित्र वाड्यावर गेलं, लग्न झालं, लेक सासरी गेली. गावभर तुळजेचं नाव झालं. म्हाळसा रोज सकाळी उठली की मनात म्हणायची, ‘आज काळा पडला असेल.’ आणि दिवस मावळेपर्यंत कुणी काही सांगत आलं नाही, की तिला हळहळ वाटायची आणि सुटल्यासारखंही वाटायचं.

दीड महिन्यानं वाड्यावरचे कारभारी आले. त्यांच्या काखेत कापडात गुंडाळलेलं चित्र होतं. त्यांनी ते पडवीत सगळ्यांसमोर उघडलं.

राजकन्येचा चेहरा तसाच हसरा होता. पण अंगावरचा शालू काळा पडला होता. जळलेल्या तव्यासारखा काळा. नवरीच्या अंगावर काळं.

“राणीसाहेबांनी तीन दिवस अन्नाला हात लावलेला नाही,” कारभारी म्हणाले. “लेकीच्या जिवाला काही झालं, म्हणूनच चित्र असं झालं, असं त्यांच्या मनानं घेतलंय. माणूस पाठवलाय तिकडं, पण तो यायला महिना लागेल. तोवर त्या माऊलीनं काय करायचं?”

 म्हातारा खांबाला धरून खाली बसला.

“धाकटे, काय घातलं होतंस यात?”

“शेंदूर आणि हरताळ, मामंजी.” तुळजा म्हणाली.

“हरताळ? रंगातलं मला कळत नाही, पण थोरलीला विचारलं नाहीस?”

तुळजेनं म्हाळसेकडं बघितलं. म्हाळसेला वाटलं, आता ही बोलणार. आता सगळं बाहेर पडणार.

तुळजेनं मान खाली घातली. “नाही विचारलं,” ती म्हणाली. “चुकलं माझं.”

कारभाऱ्यांनी चित्र तिथंच ठेवलं आणि ते निघून गेले.

म्हाळसेला वाटलं होतं, धाकटी खाली गेली की आपण आपोआप वर येऊ. पण झालं भलतंच. देवळाच्या पुजाऱ्यांनी सांगितलेलं काम परत घेतलं. लग्नघरचे लोक भिंती रंगवायला दुसऱ्या गावचे चितारी आणू लागले. लोक आता म्हणत, “त्या घरचा लाल काळा पडतो.” थोरलीचा कुठला आणि धाकटीचा कुठला, हे कोण बघत बसतो? म्हाळसेचा नवरा बाजाराच्या दिवशी बैलांची शिंगं रंगवायला जाऊ लागला. म्हाताऱ्यानं कुंचले धुऊन, बांधून फळीवर ठेवले ते ठेवलेच. खिडकीतल्या शिंपल्यांत म्हाळसेचा हिंगूळ वाळून भेगाळला, त्याला पाणी घालायचं कारणच कुणाला उरलं नाही.

तुळजेकडं आता कुणी कौतुकानं बघत नव्हतं. म्हाळसेला हेच तर हवं होतं. पण तिच्या जिवाला चैन पडेना.

एके दिवशी तिला दिसलं, की तुळजा विहिरीपाशी बसून राखेनं हात घासतेय. घासून घासून बोटं सोलवटली होती.

“काय करतेस हे?”

“रंगाचा हात आहे, अक्का. अपशकुनी. भाताला लागायला नको.”

म्हाळसेला राहवलं नाही. ती तिच्यासमोर खाली बसली. “त्या दिवशी तू खोटं का बोललीस? मला विचारलं होतंस की.”

तुळजेनं हात घासायचं थांबवलं. “तुम्ही ‘टिकेल’ म्हणालात तेव्हा माझ्याकडं बघितलं नव्हतंत,” ती म्हणाली. “ते मला तेव्हा कळलं नाही. चित्र उघडलं तेव्हा कळलं. पण मामंजी त्या घटकेला खांबाला धरून बसले होते, अक्का. एका सुनेनं घात केला हेच त्यांना सोसेना. दुसरीचं कसं सांगायचं?”

ती रागानं बोलली नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर म्हाळसेला बरं वाटलं असतं.

म्हाळसा उठली, मामंजींसमोर गेली आणि तिनं घडलं ते सगळं सांगितलं. सासूबाईंचे शब्दही सांगितले.  म्हातारा एवढंच म्हणाला, “हे मला काय सांगतेस? जिचं नुकसान झालं तिला जाऊन सांग.”

म्हाळसा भर उन्हात चित्र काखेत घेऊन वाड्यावर गेली. राणीसाहेब खिडकीशी बसल्या होत्या. डोळे सुजलेले, ओठ सुकलेले.

“आईसाहेब, तुमच्या लेकीला काही झालेलं नाही,” म्हाळसा म्हणाली. “हा अपशकुन नाही. शेंदरात हरताळ पडला, म्हणून रंग काळा झाला. मला ते माहीत होतं. धाकटीनं मला विचारलं, आणि मी तिला फसवलं.”

“का?”

“सगळे तिचं कौतुक करत होते. मला ऐकवेना.”

राणीसाहेब उठून उभ्या राहिल्या. “तेवढ्यासाठी तू माझ्या लेकीला काळं फासलंस? मी इतके दिवस तिचं मरण डोळ्यांपुढं बघत होते, ठाऊक आहे तुला?”

म्हाळसेनं चित्र त्यांच्यापुढं ठेवलं. 

“हा काळा रंग तुझ्या हातानं काढ,” राणीसाहेब म्हणाल्या. “चेहऱ्याला धक्का लागला तर मला पुन्हा तोंड दाखवू नकोस. माझी लेक इथं नाही. तो चेहरा परत कुणाला काढता येणार नाही.”

म्हाळसेनं घरी येऊन ओल्या कापसाच्या बोंड्यानं तो काळा रंग टिपायला सुरुवात केली. घासलं तर कागद फाटणार, पाणी जास्त झालं तर काळे ओघळ चेहऱ्यावर जाणार. एका वेळी नखाएवढा तुकडा. मान मोडून आली, डोळ्यांना धारा लागल्या. नऊ दिवस ती तेच करत होती. राजकन्येचा हात शालूवर टेकला होता तिथं, बोटांच्या कडेला, काळ्याची एक बारीक रेघ राहिली. ती काढायला जावं तर बोटंच पुसली गेली असती.

शालू कोरा झाल्यावर म्हाळसा तुळजेकडं गेली.

“तुळजा, माझ्यानं एकटीनं होणार नाही. हिंगूळ किती वेळ वाळू देतेस गं?”

 तुळजा लगेच काही हसली नाही. मग म्हणाली, “गालाला लावला तर गार लागू नये, इतका.”

दोघी खिडकीशी बसल्या. सोन्याची झाक कशी आणायची, ते म्हाळसेनं सांगितलं. तळाला पिवळ्या मातीचा हात द्यायचा, ती कुणाशी भांडत नाही. त्यावर हिंगूळ, दुधावरच्या सायीएवढा. तो म्हाळसेनं नव्यानं खलला. आणि सगळ्यांत वर लाखेचा पातळ हात, तो तुळजेनं फिरवला. कुणी कुणाशी फार बोललं नाही. “पाणी.” “पुरे.” “थांबा, वाळू दे.” एवढंच.

चित्र वाड्यावर गेलं तेव्हा दोघी जावा दाराशी उभ्या राहिल्या. सासरहून माणूस परत आला होता, लेक सुखरूप होती. राणीसाहेबांनी चित्र मांडीवर घेतलं.

“पहिल्यासारखा लाल नाही हा,” त्या म्हणाल्या.

“नाही, आईसाहेब. पण हा काळा पडणार नाही,” म्हाळसा म्हणाली. “आणि बोटांपाशी एक रेघ राहिलीय. ती माझी आहे.”

राणीसाहेबांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “तुला माफ केलं असं मी म्हणणार नाही. माझी लेक माहेरपणाला येऊन या चित्रासमोर उभी राहील, तेव्हा बघू. पण चित्र माझ्यापाशी राहील.” मग त्यांनी चिताऱ्याला नवं काम सांगून पाठवलं, आणि हळूहळू लोकांची पावलंही त्या घराकडं वळू लागली.

म्हाताऱ्यानं कुंचले फळीवरून खाली काढले. रंगांचे डबे त्यानं तुळजेच्या ताब्यात दिले आणि म्हाळसेला म्हणाला, “तू तिच्या हाताखाली बस.” म्हाळसा बसली.

मत्सर काही एका दिवसात मरत नाही. कुणी “धाकटीचा हात!” म्हटलं, की म्हाळसेला ते कुसळ अजून टोचायचं. पण तसं टोचलं, की ती एक काम करायची. त्याच दिवशी ती आपल्याला ठाऊक असलेली, अजून कुणाला न सांगितलेली एक गोष्ट तुळजेला सांगायची. कुठल्या बाभळीचा डिंक चिकट, पावसाळ्यात हिंगूळ कसा झाकावा, लिंबू कधी पिळू नये. वर्ष सरता सरता तिच्याजवळ लपवून ठेवण्यासारखं काहीच उरलं नाही, आणि तिला पुन्हा शांत झोप लागू लागली.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: दुसऱ्याचा रंग उतरावा म्हणून जो आपल्याजवळचं ज्ञान लपवतो, तो काळोख स्वतःच्याच घरात आणतो, आणि तो धुऊन काढायचं कामही शेवटी त्याच्याच हातांना करावं लागतं.